पाण्यावरची साय

घरातल्या फिशटँकवर तेलकट तवंग धरलाय? ‘धूळ असेल’ म्हणून सोडून देऊ नका आणि घाईघाईने कुठल्या औषधाची बाटलीही ओतू नका. तो तवंग तुमच्याशी काहीतरी बोलतोय. मला ते ऐकू आलं, पण जरा उशिराच!

एप्रिलमधला सोमवार. सकाळचे सव्वासहा. चहाचं आधण ठेवायला उठले, हॉलमधून जाताना सवयीने टँककडे पाहिलं आणि झोप खाडकन उडाली. पाच टेट्रा एका कोपऱ्यात, पाण्याच्या अगदी वरच्या थराला तोंड लावून नुसती उघडमीट करत होते. तीन तळाशी आडवे पडले होते. आणि सगळ्या पाण्यावर, या काचेपासून त्या काचेपर्यंत, गार झालेल्या दुधावर धरते तशी साय. राखाडी, किंचित चमचमणारी, मध्ये मध्ये चिरा पडलेली.

तशी ती पंधरा दिवसांपासून होती. मला दिसतही होती. पण कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीसमोर टॉवरचं बांधकाम चालू होतं, घरात रोज बोटभर धूळ. म्हटलं, तीच असेल. एका दुकानात विचारलंही. दुकानदाराने निळ्या औषधाची बाटली काढून दिली. ‘चार थेंब टाका मॅडम, पाणी एकदम क्लिअर.’ टाकले. पाणी निळं झालं, साय जागच्या जागी!

त्यात सोमवारी माझ्या फ्लॅटमेटचा इंटरव्ह्यू. एअर पंपाच्या घुरघुरीने तिला झोप लागेना. ‘एक रात्र बंद कर ना, प्लीज.’ मीही केला बंद. पंप आणि फिल्टर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर होते, बटण एकच. रात्री साडेअकरा ते सकाळी सव्वासहा, पावणेसात तास पाणी ठप्प उभं.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे अक्षरशः नाइटड्रेसमध्ये धावले. काका रिटायर्ड, गेली तीसेक वर्षं मासे पाळतात. आले तसे आधी बोर्ड चालू केला, मग आमच्याच स्वयंपाकघरातला तांब्या घेतला. टँकमधलं पाणी भरायचं, वीतभर उंचीवरून परत टँकमध्येच ओतायचं. भरायचं, ओतायचं. वीस मिनिटं न थांबता. हळूहळू ते पाच टेट्रा वरून खाली सरकले, पांगले.

मग काकांनी कपाळावरचा घाम पुसला आणि टँकमधल्या दोन गुरामींकडे बोट दाखवलं. ‘अगं, या दोघांना काहीच कसं झालं नाही, सांग बघू?’

खरंच की! तोच टँक, तेच पाणी, तीच रात्र. आणि हे दोघं मस्त फिरतायत. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना जे हाती लागलं, ते असं.

साय येते कुठून?

टँकमध्ये जे जे पडतं, त्यातलं बरंचसं तळाशी बसतं किंवा विरघळून जातं. पण स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं यांची गत त्रिशंकूसारखी होते. त्यांच्या रेणूंचा एक भाग पाण्याकडे ओढला जातो, दुसरा पाण्यापासून लांब पळतो. मग ते जाऊन बसतात पाणी आणि हवा यांच्या उंबरठ्यावर, एक पाय आत आणि एक बाहेर. तिथं त्यांची गर्दी झाली की त्यावर ताव मारायला जीवाणू येतात. जीवाणू स्वतःचा चिकट पदार्थ सोडतात, त्याला हवेतली धूळ चिकटते. झाली साय तयार! म्हणजे धुळीवरचा माझा संशय अगदीच चुकीचा नव्हता. पण ती मुख्य आरोपी नव्हती, गर्दीत सामील झालेली होती.

हे स्निग्ध पदार्थ येतात कुठून? सगळ्यात जास्त माशांच्या खाण्यातून. फ्लेक्स आणि पेलेट्समध्ये बहुतेक वेळा माशांचंच पीठ आणि तेल असतं. न खाल्लेले दाणे कुजतात, ते सगळं वर येतं. शिवाय गळून पडलेली पानं, कुठल्या तरी दगडामागे गुपचूप मेलेली गोगलगाय, शोभेसाठी आणलेलं नवंकोरं लाकूड. आणि आपण स्वतः! बॉडी लोशन लावलेला हात टँकमध्ये घातलात की तुमचं योगदान पोचलं. वन-बीएचकेमध्ये किचन आणि हॉल यांच्यात भिंत नावापुरतीच असते, त्यामुळे फोडणीचा धूरही पाण्यावर उतरतो.

‘पण एवढंसं तेल काय करणार?’ असं वाटत असेल तर बेंजामिन फ्रँकलिनची गोष्ट ऐका. या अमेरिकन महाशयांनी लंडनजवळच्या क्लॅपममधल्या तळ्यावर जेमतेम चमचाभर तेल ओतलं. ते पसरत पसरत गेलं आणि सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखं शांत झालं. हा प्रयोग १७७४ मध्ये छापूनही आला. आता तुमचा दोन फुटी टँक आणि तुमचं मॉइश्चरायझर यांचा हिशोब तुम्हीच करा.

भांडी घासता घासता

या सायीचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू कुठे झाला माहितीय? चक्क स्वयंपाकघरात. अ‍ॅग्नेस पॉकेल्स ही जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगची मुलगी. जन्म १८६२ चा. तेव्हा तिथल्या विद्यापीठांची दारं मुलींना बंद होती. आई-वडील आजारी, त्यामुळे घर तिच्या अंगावर. पण भांड्यांच्या पाण्यावर तेल आणि साबण काय काय खेळ करतात, हे ती टक लावून बघायची. पुढे तिने पत्र्याचं एक लांबट भांडं घेतलं, काठोकाठ पाणी भरलं आणि त्यावर आडवी पट्टी ठेवली. पट्टी सरकवली की पाण्यावरचा थर एका बाजूला गोळा होतो आणि मागे स्वच्छ पाणी उरतं. बस, एवढंच उपकरण!

आपली निरीक्षणं तिने लॉर्ड रॅले या मोठ्या शास्त्रज्ञाला पत्राने कळवली. त्याने ते पत्र ‘नेचर’ या नियतकालिकाकडे धाडलं आणि १८९१ मध्ये ते छापून आलं. तेव्हा ती २९ वर्षांची होती. पुढे आयर्विंग लँगम्यूर यांना याच विषयातल्या कामासाठी १९३२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा त्यांच्या हातातलं उपकरणही अ‍ॅग्नेसच्या त्या पत्र्याच्या भांड्याचंच सुधारलेलं रूप होतं. तिची ती सरकती पट्टी लक्षात ठेवा, थोड्या वेळाने आपल्याला तीच वापरायची आहे.

खिडकी बंद, श्वास बंद

आता मूळ मुद्दा. मासे श्वास घेतात तो पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर, आणि तो असतो अगदी तुटपुंजा. एक लिटर हवेत साधारण पावणेतीनशे मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. एक लिटर पाण्यात, २५ अंश तापमानाला, फार तर ८ मिलिग्रॅमच्या आसपास. पाणी तापलं की तोही कमी होतो, ३० अंशाला साडेसातवर येतो. आपल्याला एप्रिल-मेमध्ये जसा जीव नकोसा होतो, तसाच त्यांनाही होतो. फरक इतकाच, की त्यांची हवाच कमी होते.

हा ऑक्सिजन पाण्यात शिरतो तो मुख्यतः वरच्या पृष्ठभागातून. एअर पंपाचे बुडबुडे दिसायला झकास दिसतात, पण त्यांचं खरं काम असतं वर जाऊन फुटणं आणि पाणी हलवणं. हललेलं पाणी खाली जातं, खालचं वर येतं, प्रत्येक थराला हवा लागते. म्हणजे टँकला एकच खिडकी आहे आणि ती वरच्या बाजूला आहे. साय म्हणजे त्या खिडकीवर चिकटवलेला कागद.

आता माझ्या टँकची ती रात्र बघा. खिडकीवर कागद. पंप बंद, म्हणजे पाणी स्तब्ध. एप्रिलचा उकाडा. तळाशी उरलेलं खाणं कुजवणारे जीवाणू ऑक्सिजन खातायत. आणि टँकमधल्या हिरव्यागार वनस्पती? दिवसा ऑक्सिजन देतात हे खरं, पण उजेड गेला की त्याही नुसता घेतच राहतात. पहाटेपर्यंत शिल्लक संपली.

मग गुरामी वाचले कसे? गुरामी आणि फायटर या माशांच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, घड्या घातलेला एक खास अवयव असतो. त्याच्या जोरावर ते पाण्यावर तोंड काढून थेट हवेतून श्वास घेऊ शकतात. खिडकी बंद झाली तर हे सरळ दार उघडून बाहेर! टेट्रांना ती सोय नाही. तीन मेले ते कुठल्या रोगाने नाही, गुदमरून.

एक स्पष्ट सांगायला हवं. एकट्या सायीने सहसा मासे मरत नाहीत. पंप चालू असता तर कदाचित त्या रात्री काहीच झालं नसतं. साय म्हणजे तापासारखी असते. आजार वेगळाच असतो, ती फक्त कळवायला येते. दोनच निरोप असतात तिचे. ‘पाणी वरून हलत नाहीये’ आणि ‘आत गरजेपेक्षा जास्त काहीतरी पडतंय’.

ही साय कुठली?

औषध शोधण्याआधी दोन मिनिटं निरीक्षण करा. स्वच्छ बोट किंवा एखादी काडी सायीतून फिरवा. चिरा पडून तुकडे झाले आणि ते वेगळेच तरंगत राहिले, तर काम जीवाणूंचं. फिरवल्यावर लगेच पुन्हा जुळून आली, इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले, तर तेल. खाण्यातलं, हातावरचं किंवा फोडणीचं.

पांढरी, बोटाला कचकच लागणारी असेल, तर बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातले क्षार असण्याची शक्यता जास्त. बादलीच्या काठाला जो पांढरा थर धरतो, त्याचाच हा भाऊ. हिरवट असेल तर शेवाळं. अशा वेळी दिवा किती तास जळतो ते बघा. आणि टँक नवा असेल, तर पहिल्या चार-सहा आठवड्यांत येणारी पातळ साय फारशी मनावर घेऊ नका. आतल्या जीवाणूंचं बस्तान बसत असतं. पाणी तेवढं हलतं ठेवा.

घालवायची कशी?

आता अ‍ॅग्नेसबाईंची पट्टी बाहेर काढा. साधा पांढरा, बिनवासाचा टिश्यू पेपर घ्या. फिल्टर पाच मिनिटं बंद करा म्हणजे साय स्थिर होईल. कागद पाण्यावर अलगद पसरा, एका टोकाने धरून हळूच ओढत पलीकडे न्या आणि उचला. साय कागदाला चिकटून येते. चार-पाच कागदांत पाणी आरशासारखं! दुसरा उपाय वाटीचा. स्टीलची वाटी सरळ धरून पाण्यात इतकीच दाबा की वरचा थर काठावरून आत घरंगळेल. भरली की फेकून द्या. पुन्हा दाबा. फिल्टर परत चालू करायला मात्र विसरू नका, नाहीतर माझ्यासारखी गत व्हायची.

पण हा झाला तात्पुरता इलाज. खाली कारण तसंच असेल तर दोन दिवसांत साय परत हजर. कायमचा इलाज काकांनी त्याच सकाळी एका वाक्यात सांगितला होता. ‘दूध ढवळत राहिलं की साय धरते का?’

नाही धरत! म्हणून फिल्टरचं पाणी बाहेर टाकणारं तोंड थोडं वर वळवा, पाण्यावर सतत बारीक लहरी उठल्या पाहिजेत. धबधबा नको, नुसती थरथर पुरे. एअरस्टोन तळाशी असेल तर बुडबुडे वर येऊन पाण्याचा कुठला भाग हलतो आणि कुठला कोपरा मेल्यासारखा शांत राहतो, ते बघा. साय नेहमी त्याच कोपऱ्यात जमते. एवढं करूनही भागलं नाही, तर वरचं पाणी ओढून घेणारे छोटे स्किमर बाजारात मिळतात. पण टँकमध्ये झिंगे किंवा पिल्लं असतील तर जपून, तीही आत ओढली जातात.

काही मासे हे काम फुकटात करतात. ब्लॅक मॉली पाण्यावरचा थर टिपून खाताना मी स्वतः तासन्‌तास बघितलीय. मात्र एकदोन मॉली आणल्या म्हणजे आपली जबाबदारी संपली, असं नाही. त्याही खातात, त्याही घाण करतात!

ऑफिसच्या डेस्कवर बाउलमध्ये फायटर ठेवणाऱ्यांसाठी खास सूचना. फायटर हवेतून श्वास घेतो म्हणून त्याला काहीही चालतं, हा गैरसमज आहे. साय दाट झाली तर त्याला वर येऊन तोंड काढायलाही त्रास. त्याला जोराचा प्रवाह सोसत नाही, म्हणून हळू चालणारा छोटा स्पंज फिल्टर लावा. आणि निदान दहा-पंधरा लिटर पाणी तरी द्या त्या बिचाऱ्याला. गोल बाउल काठोकाठ भरू नका. तो जिथे सगळ्यात रुंद असतो तिथपर्यंतच भरा, खिडकी मोठी होते.

आणि एक धोक्याची सूचना. डास-झुरळांच्या अनेक फवाऱ्यांत पायरेथ्रॉइड नावाची कीटकनाशकं असतात, माशांसाठी ती जहाल विष आहेत. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, हे विसरू नका. पेस्ट कंट्रोलच्या दिवशी मासे शेजाऱ्यांकडे पाठवणं उत्तम. ते जमलं नाही तर टँक नीट झाका, तेवढ्या वेळापुरता एअर पंप बंद ठेवा, पाण्यातला फिल्टर चालू राहू द्या. घर हवेशीर झालं की पंप लगेच सुरू.

प्रेम म्हणजे खाणं नव्हे

आता माझी खरी चूक कबूल करते. पंप बंद करणं ही एका रात्रीची चूक होती. त्याआधीचे कित्येक महिने मी रोज रात्री साडेनऊला घरी यायचे. दिवसभर या जिवांना एकटं ठेवलं याचं वाईट वाटायचं. मग काय, चिमूटभर खाणं. ते वर आले, शेपट्या हलवल्या, की अजून चिमूटभर. आजी नाही का, आपण घरी गेलो की तिसरी पोळी ताटात टाकते, तसंच! सकाळी निघताना फ्लॅटमेटही घालायची. मी घातलं हे तिला माहीत नाही, तिने घातलं हे मला माहीत नाही.

मासे कधीच ‘पोट भरलं’ म्हणत नाहीत. खाणं दिसलं की ते वर येतातच. दोन मिनिटांत संपेल एवढंच त्यांना पुरतं, तेही दिवसातून एकदा किंवा दोनदा. आणि तुम्ही लाँग वीकेंडला कोकणात गेलात, तर मोठे निरोगी मासे दोन-तीन दिवस उपाशी आरामात राहतात. शेजारच्या पोराच्या हातात खाण्याचा डबा देऊन जाण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

ती साय म्हणजे माझ्या अपराधी भावनेचा तवंग होता, असं आता वाटतं. वेळ देता येत नव्हता, म्हणून खाणं देत होते. टँकला हवं होतं ते उलटंच. खाणं थोडं कमी आणि रोज दोन मिनिटं नीट बघणं.

रविवारचा अर्धा तास

• टँकमधलं पाव हिस्सा पाणी सायफनने काढा. नळी तळाच्या खड्यांमध्ये फिरवा, कुजलेलं खाणं तिथेच लपलेलं असतं.

• नवं पाणी घालण्याआधी त्यात अँटी-क्लोरीन घाला. तापमान आधीच्या पाण्याइतकंच असू द्या.

• पिवळी, गळलेली पानं काढून टाका.

• फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाखाली धुतलात तर क्लोरीनने उपयोगी जीवाणू मरतात.

• हात घालण्याआधी लोशन, साबण पूर्ण जाईपर्यंत नुसत्या पाण्याने धुवा. टँकला साबण कधीच नाही!

• पंप घुरघुरतोय? त्याखाली जाड स्पंजचा तुकडा ठेवा. बहुतेक आवाज टेबलाच्या थरथरीचा असतो.

• लाइट गेली आणि बॅटरीवरचा पंप नाही? तांब्या आहे ना! भरा आणि उंचावरून ओता.

उरलेले पाच टेट्रा अजून मजेत आहेत. फ्लॅटमेटला तो जॉब मिळाला आणि पंपाखाली तिच्याच जुन्या योगा मॅटचा तुकडा आहे. घुरघूर जवळजवळ गेलीय. रात्री घरी आले की मी बॅग टाकते, टँकवरचा दिवा लावते आणि माशांच्या आधी पाण्याचा वरचा थर बघते. लहरी उठतायत ना? मग ठीक. खाण्याच्या डब्यावर आम्ही दोघींनी एक कागद चिकटवलाय. ज्याने खाणं घातलं त्याने तारीख घालून सही करायची. काल रात्री डबा उचलला, सकाळचीच सही दिसली. गुपचूप परत ठेवला.